सुसुरो म्हणजे आपलं आपण

कोरियन बाईंची शिकवणी धरलीस, बरं केलंस. १९९६ साली ह्युंदाई चेन्नईत आली, श्रीपेरुंबुदुरजवळ कारखाना उभा राहिला, १९९८ मध्ये सँट्रो रस्त्यावर आली. तेव्हापासून अशा बायका इथं येताहेत. नवरा दिवसभर कारखान्यात, आणि या घरात, वॉचमनशी काय बोलावं या विचारात. मी त्यांतल्या काहींना शिकवलंय, म्हणून सांगते.

'इंडिपेंडंटली'पाशी बाई अडणार. लगेच शब्दकोश उघडू नकोस गं. आधी त्यांचेच तीन शब्द समोर ठेव. 'होन्जा' म्हणजे एकट्याने, सोबतीला कोणी नाही. 'सुसुरो' म्हणजे आपलं आपण, कुणी न सांगता. 'चोजोल्लो' म्हणजे आपोआप, वाऱ्याने दार लागतं तसं. मराठीतही हे कप्पे वेगळेच आहेत, तेव्हा तुला जड नाही. मग इंग्रजीकडे ये: होन्जाला 'अलोन', चोजोल्लोला 'बाय इटसेल्फ', सुसुरोला 'ऑन माय ओन'. हे शेवटचं होन्जालाही चालतं, पण ते दुसऱ्या दिवशी सांग. 'इंडिपेंडंटली' ऑफिसच्या कागदावरचा. एक बाई म्हणाल्या, 'आय कुक इंडिपेंडंटली'. मी हसले. पुढचा आठवडाभर त्यांनी तोंड उघडलं नाही.

कागदावरच्या शब्दासाठी त्यांच्याकडे 'तोंग्निप' आहे. मूळ चिनी, अर्थ एकटं उभं राहणं. देशाच्या स्वातंत्र्यालाही हाच शब्द. जपानच्या राज्यातून ते सुटले तेही १५ ऑगस्टलाच, १९४५ साली. एवढं सांगितलंस की शब्द डोक्यात बसतो.

उच्चाराची गंमत वेगळी. त्यांच्या भाषेत 'न'शेजारी 'ल' आला की दोन्हींचा 'ल्ल' होतो, म्हणून 'ओन्ली'चं 'ओल्ली'. इथं मधला 'ट' गिळला की झालंच 'इंडिपेंडल्ली'! 'डंट'वर जरा थांबव, मग 'ली' म्हणायला लाव. जोर 'पेन'वर. आपण मराठी माणसं तो कुठंही देतो, तेव्हा आधी स्वतःचं तपास. आणि 'डिपेंड'पुढे 'ऑन', 'इंडिपेंडंट'पुढे 'ऑफ'. यात भलेभले चुकतात.

वहीतला सराव थोडाच ठेव. मैलापूरला भाजीला जाताना रिक्षावाल्याशी भाव त्यांनाच ठरवू दे, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तू मागे गप्प बस. मधे पडायला जीभ शिवशिवेल तुझी. माझी अजून शिवशिवते.