रात्री अपडेट झालं, सकाळी वायफाय गेलं: रीसेटची पिन टोचण्याआधी हे करा



समजा, तुमचं घरगुती मसाल्यांचं काम आहे. तळमजल्यावर पॅकिंग, वरच्या खोलीत कॉम्प्युटर आणि लेबल प्रिंटर. घर आरसीसीचं, स्लॅबमधून सिग्नल वर पोचत नव्हता, म्हणून तुम्ही तीन डब्यांचा मेश वायफाय बसवला. आज सकाळी बघता तर खाली नेट आहे, वर नाही. प्रिंटर ‘ऑफलाइन’. मोबाइल ॲपमध्ये सूचना आलेली: रात्री फर्मवेअर अपडेट झालं. आणि दुपारी चार वाजता कुरियरवाला पिकअपला येणार आहे.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? टाचणी घेतात, राउटरच्या मागच्या भोकात घालतात आणि फॅक्टरी रीसेट मारतात. आजचा धडा त्या टाचणीबद्दलच आहे. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे हे कळेपर्यंत रीसेट करायचं नाही.

का? कारण रीसेटने फर्मवेअर जुनं होत नाही. नवीन फर्मवेअर तिथेच राहतं, पुसल्या जातात त्या तुमच्या सेटिंग्ज. आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनला पीपीपीओई नावाचं लॉगिन लागतं, म्हणजे इंटरनेट कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड. ते मेश राउटरमध्ये टाकलेलं असेल तर रीसेटबरोबर तेही जातं. ते कुठे लिहून ठेवलं नसेल, तर एक मजला बंद होता तिथे आता अख्खं घर बंद.

आधी धंदा चालू, मग दुरुस्ती

दुकानाचं शटर अडकलं तर आपण मागच्या दाराने गिऱ्हाईक घेतो, तसंच इथे. पहिल्या दहा मिनिटांत आजचं काम मोबाइलवर आणा. फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, किंवा हॉटस्पॉट लावा. लेबल प्रिंटरला यूएसबी पोर्ट असेल तर तो केबलने थेट कॉम्प्युटरला जोडून लेबलं काढून घ्या. पेमेंटच्या साउंडबॉक्समध्ये बहुधा स्वतःचं सिम असतं, त्यामुळे तो चालू राहतो. तेवढी एकदा खात्री करा.

आजच्या ऑर्डरी मार्गी लागल्या की डोकं शांत राहतं. घाईत केलेली दुरुस्ती महागात पडते.

मेश म्हणजे चार टप्प्यांची साखळी

पहिला टप्पा: भिंतीवरचा फायबरचा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात. दुसरा: त्याला केबलने जोडलेला मुख्य मेश राउटर. तिसरा: बाकीचे डबे, म्हणजे नोड. चौथा: तुमची उपकरणं, म्हणजे फोन, कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा. मुख्य राउटर आणि नोड यांच्यातल्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. तो हवेतून असतो किंवा केबलने. अपडेटनंतरचा बिघाड या साखळीत कुठेतरी एका ठिकाणी असतो. तो शोधायला तीन तपासण्या पुरतात.

तपासणी १: फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर फायबरमधून सिग्नलच येत नाही. हा अपडेटचा दोष नाही, केबलवाल्याला फोन करा. ‘पीओएन’चा दिवा हिरवा आणि स्थिर असेल, तर लाइन ठीक आहे, पुढे चला.

तपासणी २: मुख्य राउटरच्या शेजारी उभे राहा. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप सिमवरचं नेट वापरतो आणि तुमची दिशाभूल होते. राउटरजवळही नेट नसेल, तर दोष मुख्य राउटरमध्ये. इथे आहे पण वर नाही, तर दोष नोडमध्ये.

तपासणी ३: वर जाऊन दोन उपकरणं ताडून बघा. फोनवर नेट आहे, पण प्रिंटर किंवा कॅमेरा जोडत नाही, तर दोष उपकरण आणि वायफाय यांच्या जुळणीत आहे.

यानंतर एकदाच सगळं नीट बंद-चालू करा, पण क्रमाने. तिन्ही टप्प्यांची वीज बंद करा, अर्धा मिनिट थांबा. आधी फायबरचा डबा चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मुख्य राउटर, तो पूर्ण चालू झाला की नोड. मात्र ॲपमध्ये ‘अपडेट चालू आहे’ असं दिसत असेल तर वीज अजिबात काढू नका. अपडेट अर्धवट तुटलं तर डबा कायमचा निकामी होऊ शकतो.

दोष मुख्य राउटरमध्ये असेल तर

ॲपमध्ये इंटरनेट कनेक्शनचा प्रकार बघा. आधी पीपीपीओई होतं आणि आता ‘डायनॅमिक आयपी’ दिसतंय, तर परत पीपीपीओई निवडून युजरनेम आणि पासवर्ड भरा. कंपनीने व्हीलॅन क्रमांक दिला असेल तर तोही तपासा.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑपरेटिंग मोड. तुमचा फायबरचा डबा स्वतःच राउटरचं काम करत असेल, तर मेश ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये ठेवलेला असू शकतो. अपडेटनंतर तो ‘राउटर’ मोडमध्ये गेला, तर घरात दोन राउटर झाले. नेट चालतं, पण डब्याच्या वायफायवरचा प्रिंटर आणि मेशवरचा कॉम्प्युटर एकमेकांना दिसेनासे होतात. त्यात दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असा एकच असेल, तर नेटही अडकतं. मोड पूर्ववत करा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

तिसरी गोष्ट डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग ८.८.८.८’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाही, तर लाइन चांगली आहे, डीएनएस बिघडलंय. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून बघा.

दोष नोडमध्ये असेल तर

आपल्या मसाल्याच्या घरातला प्रकार हाच. ॲपमध्ये प्रत्येक डब्याचं फर्मवेअर व्हर्जन बघा. मुख्य राउटर नवीन व्हर्जनवर गेला आणि वरचा नोड जुन्यावरच राहिला, असं होतं. दोघांचं जमेनासं होतं. उपाय सोपा आहे. तो नोड उचलून मुख्य राउटरजवळ आणा, शक्य असेल तर लॅन केबलने जोडा, आणि त्याचं अपडेट पूर्ण करा. तरीही जमलं नाही, तर फक्त तोच नोड ॲपमधून काढून पुन्हा जोडा. त्यासाठी तेवढ्या एकाच डब्याला रीसेट करावं लागलं तरी चालेल, कारण तुमचं लॉगिन मुख्य राउटरमध्ये सुरक्षित आहे.

व्हर्जन एकच आहे, पण नोड मधूनमधून तुटतो? मग चॅनल बघा. ५ गिगाहर्ट्झमधल्या ५२ ते १४४ या चॅनलवर राउटरला रडारचा सिग्नल आढळला तर चॅनल सोडावा लागतो, आणि असा चॅनल घेण्याआधी किमान एक मिनिट कान देऊन बसावं लागतं. तेवढ्यात वरचं नेट जातं. अपडेटनंतर राउटरने असा चॅनल निवडला असेल आणि तुमच्या ॲपमध्ये बदलायची सोय असेल, तर ३६ ते ४८ मधला चॅनल द्या.

दोष उपकरणाच्या जुळणीत असेल तर

स्वस्त प्रिंटर, कॅमेरे, स्मार्ट प्लग यांना बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजतं. अपडेटनंतर २.४ बंद झालंय का ते बघा. मग सुरक्षेचा प्रकार बघा. तिथे फक्त डब्ल्यूपीए३ निवडलं गेलं असेल, तर जुनी उपकरणं जोडली जाणार नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय ठेवा.

प्रिंटर वायफायला जोडलेला दिसतो, पण कॉम्प्युटर त्याला ‘ऑफलाइन’ म्हणतो? मग त्याचा आयपी पत्ता बदललाय. राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ वापरून प्रिंटरला एक पत्ता कायमचा बांधून द्या आणि कॉम्प्युटरमध्ये तोच भरा. कॉम्प्युटरचाच पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. वायफाय ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. आणि हो, प्रिंटर ‘गेस्ट’ नेटवर्कवर तर गेला नाही ना? तिथली उपकरणं सहसा मुख्य नेटवर्कला दिसत नाहीत.

एवढं करूनही जमलं नाही तर

काही कंपन्या जुनं फर्मवेअर परत टाकू देतात. फाइल फक्त राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्या. डब्याच्या तळाशी मॉडेलबरोबर हार्डवेअर व्हर्जनही छापलेलं असतं, ते अक्षर न् अक्षर जुळवा. चुकीची फाइल टाकली तर डबा गेलाच समजा.

आणि सगळ्यात शेवटी फॅक्टरी रीसेट. त्याआधी लॉगिन, व्हीलॅन, वायफायचं नाव आणि पासवर्ड, मोड, रिझर्व्ह केलेले पत्ते या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. वायफायचं नाव आणि पासवर्ड नंतर जसाच्या तसाच द्या, म्हणजे उपकरणं एकेक करून जोडत बसायला नको. काही केबलवाले राउटरचा मॅक पत्ता त्यांच्या सिस्टीममध्ये बांधून ठेवतात, त्यामुळे फोन करण्यापूर्वी तो नंबरही हाताशी ठेवा.

मग अपडेट बंदच करून टाकू का?

हा प्रश्न नक्की येणार. उत्तर आहे, नाही. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा व्हायरस ५४ देशांतल्या किमान ५ लाख राउटर आणि तत्सम उपकरणांमध्ये सापडला होता. त्यातल्या बहुतेक मॉडेलमधल्या त्रुटी आधीच जगजाहीर होत्या. तुमच्या राउटरमधून गिऱ्हाइकांचे पत्ते आणि बँकेचं लॉगिन जातं. दार उघडं ठेवून झोपायचं नाही.

अपडेट कधी होणार हे मात्र आपण ठरवायचं. सोय असेल तिथे ऑटो अपडेट बंद करून महिन्यातून एकदा, कामाचा ताण नसलेल्या दिवशी सकाळी स्वतः अपडेट करा. सकाळी अशासाठी, की अडलं तर कस्टमर केअर आणि केबलवाला दोघेही फोन उचलतात. काही मेशमध्ये ऑटो अपडेट बंद करताच येत नाही. तिथे ॲपची सूचना चालू ठेवा, म्हणजे सकाळी बिघाड दिसला तर कारण लगेच कळेल. अपडेट चालू असताना लाईट गेली तर पंचाईत, म्हणून फायबरचा डबा आणि मुख्य राउटर यांना छोटा यूपीएस लावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. आणि जिथून बिलं निघतात तो कॉम्प्युटर शक्य असेल तर लॅन केबलवरच ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एका वहीच्या पानावर लिहा: इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक, पीपीपीओई लॉगिन, व्हीलॅन, मेशचा मोड, वायफायचं नाव आणि पासवर्ड, प्रत्येक डब्याचं मॉडेल आणि सध्याचं फर्मवेअर व्हर्जन. हे पान कपाटात ठेवा, राउटरवर चिकटवू नका.

२. लॉगिन माहीत नसेल तर आजच केबलवाल्याला विचारा. नेट चालू असताना विचारलेलं सोपं जातं.

३. एक दिवस मुद्दाम वायफाय बंद करून फक्त मोबाइलच्या नेटवर एक बिल आणि एक लेबल काढून बघा. किती मिनिटं लागली ते त्याच पानावर लिहा.

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी आयटीचा माणूस असतो. आपल्याकडे हे एक पान आहे, आणि ते आज भरलं तर पुढच्या अपडेटला तेच कामाला येईल.