तीन 'वि. भावे'

ग्रंथालयाची यादी आडनांवांच्या अनुक्रमानें लाविलेली असते. त्यामुळें निरनिराळ्या काळांतील व निरनिराळ्या वृत्तींचे ग्रंथकार केवळ आडनांव एक म्हणून एकाच पानावर शेजारीं शेजारीं येऊन बसतात. ही सोय मोठी खरी. परंतु निष्काळजी वाचकास ती फसविते. 'वि. भावे' एवढेंच सांगून जो पुस्तक मागेल, त्याच्या हातीं नाटकांतील पदें येतील, मराठी काव्याचा इतिहास येईल, किंवा गीतेचें मराठी रूप येईल. त्या दोन शब्दांत तीन कर्तृत्ववान् पुरुष सांठविलेले आहेत. त्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे.

पहिले विष्णु अमृत भावे, म्हणजेच विष्णुदास. १८४२ सालीं कर्नाटकांतील एका मंडळीचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून संस्थानाधिपति चिंतामणराव पटवर्धन यांनीं आपल्या पदरच्या या तरुणास तसाच, पण अधिक नेटका खेळ मराठींत रचण्याची आज्ञा केली. त्याप्रमाणें ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं 'सीतास्वयंवर' हा खेळ झाला. या खेळांत पात्रांचीं भाषणें बहुधा आयत्या वेळचीं असत. रचलेलीं असत तीं पदें. सूत्रधार तीं साथीदारांसह गाई आणि त्या गायनावर कथा पुढें चाले. १८५१ सालीं आश्रयदाते वारले, तेव्हां विष्णुदासांनीं मंडळी घेऊन गांवोगांव खेळ केले. त्यांचीं पदें १८८५ सालीं 'नाट्यकवितासंग्रह' या नांवानें छापून निघालीं. ५ नोव्हेंबर हा दिवस आजही मराठी रंगभूमि दिन म्हणून पाळला जातो.

दुसरे विनायक लक्ष्मण भावे (१८७१-१९२६), ठाण्याचे. तेथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं स्थापन झालें, त्याच्या संस्थापकांत हे प्रमुख होत. जुन्या कवींच्या पोथ्या घरोघरीं बासनांत पडून होत्या. त्या मिळवाव्या, ताडून पाहाव्या व छापाव्या, या कामीं यांनीं आयुष्य वेंचिलें. 'महाराष्ट्र सारस्वत' हा त्यांचा ग्रंथ त्याच परिश्रमाचें फळ होय. नवीं साधनें सांपडत गेलीं तशी त्या ग्रंथास भर घालणें अवश्य झालें, आणि पुढें शं. गो. तुळपुळे यांनीं त्यास पुरवणी जोडिली. विद्येच्या कामांत पूर्वीच्या माणसाचा मान राखण्याची रीत ही अशी असते.

तिसरे विनायक नरहर भावे. विनोबा म्हटलें म्हणजे सर्वांस कळेल. हे तर आम्हां पेणकरांचे शेजारी. तेव्हांच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांत, पेण तालुक्यांतील गागोदे या गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं त्यांचा जन्म झाला. आईस संस्कृत येत नव्हतें. गीता सोप्या मराठींत मिळावी अशी तिची इच्छा होती. आई १९१८ सालीं निवर्तली. तिची इच्छा मुलानें विसरली नाहीं. ७ ऑक्टोबर १९३० रोजीं त्यांनीं लेखनास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं तें पुरें केलें. श्लोकास श्लोक ठेवून केलेली ही रचना म्हणजे 'गीताई'. ती वाचतां येते तशीच गातांही येते. पुढें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर अठरा प्रवचनें केलीं. तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं.

तिघांचें आडनांव एक. तेवढ्यावरून तिघे एका घरचे असें अनुमान मात्र काढूं नये. आडनांव कोठून आलें हें पाहिल्यावांचून तें नात्याचा पुरावा होत नाहीं. 'शतपत्रें' लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या घराण्याचें मूळ आडनांव सिद्धये. देशमुखीच्या वतनामुळें तें देशमुख झालें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि 'मेघदूता'चे मराठी अनुवादक चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचा संबंध आमच्या रोह्याशीं. दोघेही देशमुख व दोघेही विद्वान्, पण घराणीं निराळीं. चीन देशांत तर सामान्य जनांस 'जुनीं शंभर आडनांवें' अशा अर्थाचाच शब्द रूढ आहे. तेथें एकेका आडनांवाचे कोट्यवधि लोक आहेत. त्यांना एका कुळाचे कोण म्हणेल?

हा विचार केवळ ग्रंथालयापुरता नाहीं. आडनांव ऐकतांच मुलाची बुद्धि ठरविणारे लोक अजून आहेत. त्याहून शोचनीय गोष्ट ही कीं, त्यांचें ऐकून आपली बुद्धि स्वतःच ठरवून टाकणारीं मुलेंही आहेत. एक म्हणतो, 'आमच्या घराण्यांत विद्या चालत आली आहे', आणि अभ्यास सोडतो. दुसरा म्हणतो, 'आमच्या आडनांवाचा कोणी पुस्तक लिहिणारा झाला नाहीं', आणि तोही अभ्यास सोडतो. दोघांची चूक एकच. आडनांवानें ग्रंथ झाले असते तर प्रत्येक भाव्यानें एकेक लिहिला असता. या तिघांचें खरें साम्य कामांत आहे. पुराणांतील कथा, बासनांतील काव्य आणि संस्कृतांतील गीता, या तीन गोष्टी त्यांनीं सामान्य मराठी माणसाच्या कानापर्यंत आणून पोंचविल्या. आणि त्यासाठीं प्रत्येकानें आपापले श्रम केले.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच. पुस्तक घेतांना ग्रंथकाराचें पूर्ण नांव वाचा, त्याचा काळ पाहा, आणि एकाच्या श्रमाचें श्रेय दुसऱ्यास देऊं नका. यादींत तुमच्या आडनांवाखालीं एकही पुस्तक नसेल, तर तेथें अद्याप कोणी लिहिलें नाहीं एवढाच त्याचा अर्थ समजा.