आडाचे पाणी आणि शौचकूपाचा खड्डा

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगा-दूधगंगेचे पाणी निपाणी भागातील नदीकाठच्या गावांत शिरले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पूर ओसरला की आपण घरातील चिखल काढतो, जनावरे पाहतो. आडाचे पाणी मात्र वरून निवळलेले दिसले की लगेच घागर भरतो. कॉलरा, विषमज्वर व हगवण यांचे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत, आणि हगवणीत सर्वांत आधी खंगते ते पाळण्यातले लेकरू. आता अनेक घरी नळ आले आहेत. पण नळ दोन दिवस बंद पडला की पाय आडाकडेच वळतात.

पुराचे पाणी आत गेले असल्यास प्रथम गढूळ पाणी उपसावे. गढूळ पाण्यात टीसीएल पावडर नीट लागू पडत नाही. मग आडाची रुंदी मीटरमध्ये मोजावी. तिला तिनेच गुणावे, नंतर पाण्याच्या खोलीने व शेवटी ७८५ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. दोन मीटर रुंद आडात तीन मीटर पाणी असेल तर ते ९,४२० लिटर झाले. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे येथे सुमारे २४ ग्रॅम पुरते. अंदाजाने मूठभर टाकणे बरे नव्हे. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, बादली पाऊण भरावी व दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने आडात सोडावी व चांगली हेलकावावी. तळाचा चुना आत टाकू नये. पाणी जड होते. त्यानंतर एक तास कोणी पाणी काढू नये. उघड्या डब्यात वास उडालेली जुनी पावडर असेल तर हे सर्व श्रम फुकट जातात.

टीसीएल जंतू मारते, फवारणीचे विष काढीत नाही. म्हणून फवारणीचा पंप आडाच्या कट्ट्यावर भरू नये, धुऊही नये. तंबाखूच्या कामावरून आलेल्या भगिनींनीही हात साबणाने धुऊन मगच लेकरास जवळ घ्यावे.

१९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्यासाठी मोठी विहीर खणली गेली. टिळकवाडीत ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. आपल्या फेस्ताला मात्र मंडप व बँड आधी ठरतो, पाण्याचे पिंप आदल्या रात्री आठवते! निदान त्या पिंपावर झाकण व लांब दांड्याचे ओगराळे असावे.

आता शौचकूपाविषयी. मैला खणून झाकावा, ही आज्ञा अनुवादाच्या २३ व्या अध्यायात इस्राएल लोकांस दिलेलीच आहे. खड्डा आडापासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या बाजूस घ्यावा. खानापूरकडील जांभ्या दगडाच्या भेगांतून घाण पाणी लवकर वाहते, तेथे अंतर आणखी वाढवावे. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, तेथे खड्डा मोठा लागतो. दोन खड्डे असतील तर एका वेळी एकच चालू ठेवावा. पुष्कळ घरी दोन्ही एकदम चालू असतात, मग दोन्ही एकदमच भरतात. भरलेला खड्डा बंद करून दोन वर्षे तसाच ठेवावा. मग आत काळे, वास नसलेले खत मिळते; ते उसाच्या सरीत घालून मातीआड करावे.