पोरगं आळशी की अशक्त?

पुण्यास कॉलेजात शिकणारी मुले सुटीत घरी आली की पडून राहतात. आपण त्यांस आळशी म्हणतो. पण पोरगं तिकडे खातंय काय, हे आधी पुसावे. सकाळी उपाशीपोटी चहा-क्रीमरोल, दुपारी खानावळीतले जेवण आणि वर लगेच पुन्हा चहा! आम्हां माळकऱ्यांच्या ताटातले लोह पालेभाजी, कडधान्य, बाजरीतले. ते मुळातच अंगी कमी लागते, त्यात जेवणालगतचा चहा आडवा येतो. मग रक्त कमी होते, जिना चढता दम लागतो, वाचनात चित्त राहत नाही. मुलींना हे अधिक जाचते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांत ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवावा, उसळीवर लिंबू पिळावे. त्याने लोह अंगी लागते. तरीही थकवा हटेना, तर रक्त तपासावे. गोळ्या मात्र डॉक्टरांस विचारूनच.