गजकर्ण, मलम आणि डॉक्टर

त्वचेचे विकार हा आपल्याकडे संकोचाचा विषय आहे. ताप आला तर आपण दवाखाना गाठतो. परंतु जांघेत खाजणारा चट्टा उठला, की तो कपड्यांआड दडवून औषधांच्या दुकानातून एखादी ट्यूब आणतो. वसतिगृहात तर एकाची ट्यूब खोलीभर फिरते. गेल्या पावसाळ्यात खोलीतील मित्राबरोबर मी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेलो होतो. तेथे जे पाहिले व पुढे वाचले, ते येथे मांडत आहे.

गजकर्ण म्हणजेच नायटा 'रक्त बिघडल्याने' होतो, असा समज आहे. वस्तुतः तो बुरशीचा संसर्ग होय. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनावर जगते. उष्मा, घाम व दमट कपडे तिला मानवतात. ती मध्यापासून बाहेर पसरते. म्हणून लाल, उंच, खवलेदार कड आणि आत त्यामानाने साफ त्वचा, असे कडे दिसते. हे कडे हीच डॉक्टरांची मुख्य खूण.

दुकानातील पुष्कळ मलमांत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खाज व लाली लवकर ओसरते आणि गुण आला असे वाटते. परंतु स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दडपते. बुरशी पसरतच राहते आणि कड्याची खूण मात्र पुसट होते. अशा ओळख हरवलेल्या गजकर्णाला आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी १९६८ मध्ये 'टिनिया इन्कॉग्निटो' असे नाव दिले. मलम थांबवताच रोग पुन्हा उसळतो. दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होऊन कायमचे वळ उमटतात. म्हणूनच २०१८ मध्ये भारत सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच व्हावी असा नियम केला.

डॉक्टरांनी मित्राला तीन प्रश्न विचारले: चट्टा कधीपासून आहे? खोलीत वा घरी आणखी कोणाला आहे? आजवर काय लावले? मित्राने ट्यूबच पुढे ठेवली. कडेची थोडी खरवड काचपट्टीवर घेऊन, तीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आली. बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले. उपचार काही आठवड्यांचा निघाला. खाज थांबली तरी औषध सोडू नये, टॉवेल स्वतंत्र ठेवावा व कपडे उन्हात वाळवावेत, असे बजावण्यात आले.

प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नसतो. तो इसबाचा असू शकतो. फिकट व बधिर असेल तर कुष्ठरोगाचाही. कुष्ठरोगाचे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते आणि वेळीच घेतल्यास व्यंग टळते. तेव्हा मित्रहो, चट्टा प्रथम डॉक्टरांना दाखवा, मग मलम लावा. आणि आधीच काही लावले असेल, तर ती ट्यूब न लपवता बरोबर न्या.