बागेतला पाचोळा पेटवू नका, जिरवा

प्रश्न : आम्ही शेजारी मिळून दर रविवारी महापालिकेच्या उद्यानात श्रमदान करतो. पानगळीत पाचोळ्याचे ढीग साचतात आणि कुणीतरी ते पेटवून देतं. त्याचं काय करावं? वाढलेल्या फांद्या आम्हीच छाटल्या तर चालेल का?

उत्तर : तुमच्या गटाचं मनापासून अभिनंदन! पाचोळा हे बागेचं अन्न आहे. त्याचा 3-4 इंचांचा थर झाडांच्या आळ्यांत पसरा. ओल टिकते, तण कमी उगवतं. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. उरलेला पाचोळा जाळीच्या पिंजऱ्यात थराथरानं भरा, प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडा. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच असू द्या आणि पंधरवड्यानं ढीग खालीवर करा. साधारण 4 ते 6 महिन्यांत खत तयार होतं.

फांद्यांना परस्पर हात लावू नका. राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची किंवा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीसाठीही आधी उद्यान विभागाकडे अर्ज द्या. पिंजऱ्याची जागाही लेखी ठरवून घ्या. आणि उद्यानाच्या माळीकाकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. उरलेले सहा दिवस बाग तेच सांभाळतात.