‘मंथन’ पाहायला गेलास ते चांगलं केलंस

नाशिक, ५ जून २०२४

चि. ओंकार,


काल तुझ्या आईचा फोन आला होता. रविवारी दुपारी मित्राने हाक मारली आणि तुम्ही दोघं मोटारसायकलवरून संगमनेरहून थेट पुण्याला ‘मंथन’ बघायला गेलात. परत आलात ते पहाटे. ‘तुझं ऐकतो तो, चांगलं खडसाव त्याला,’ असं ती म्हणाली. खडसावणार आहे, पण गेल्याबद्दल नाही.

श्याम बेनेगल यांचा १९७६चा चित्रपट. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची जुनी प्रत नव्यासारखी करून घेतली, मे महिन्यात तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडे थिएटरात लागला तो १ आणि २ जून, दोनच दिवस. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणाऱ्यांचा तो हुकला. फोनवर मिळेल की, असं तुला कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. स्मिता पाटीलची बिंदू डॉक्टर रावकडे नुसती बघते, बोलत काहीच नाही. तो चेहरा भिंतीएवढा झाल्याशिवाय त्यातला राग आणि ओढ एकाच वेळी दिसत नाही. शिवाय अंधारात आपल्याला तो थांबवता येत नाही, पुढे ढकलता येत नाही. जे पडद्यावर चाललंय ते सोसावंच लागतं.

आणि हा चित्रपट तर प्रवास करूनच बघावा असा. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घातले, त्यातून तो उभा राहिला. प्रदर्शित झाल्यावर तेच शेतकरी ट्रक भरभरून शहरात आले, आपल्या पैशाचा सिनेमा बघायला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. दुधाची सोसायटी निघाली म्हणून गावातली जात आणि सत्ता मुकाट्याने बाजूला होत नाही, हे त्यांनी किती स्वच्छ लिहिलंय!

तुझ्या त्या मित्राला जप. ‘चल’ म्हटल्यावर निघणारा आणि आपल्यालाही ‘चल’ म्हणणारा माणूस पुढे दुर्मिळ होत जातो. नोकरी लागते, गाव सुटतं, मग भेट ठरवायलाच चार महिने जातात. येताना चित्रपटावरून तुमचा वाद झाला म्हणे. झालाच पाहिजे. जाताना रस्ता एकमेकांना ओळखण्यासाठी असतो, येताना तो चित्रपट समजून घेण्यासाठी.

पण तो वाद रात्री दोन वाजता मोटारसायकलवर नको होता रे. आता माझं नीट ऐक. चाकणचे कंटेनर, नारायणगावकडून येणारे भाजीचे ट्रक, पुढे चंदनापुरीचा घाट, आणि तुम्ही दिवसभराचे दमलेले. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराला झोपच हवी असते. गाडी चालवणाऱ्याचा डोळा क्षणभर मिटतो आणि तो मिटला होता हे त्याला कळतही नाही. मागे बसलेला पेंगला तर त्याला सावरणारं कोणीच नसतं. चहा पिऊन हे टळत नाही. भोसरीला तुझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे सतरंजीवर पडला असतात, हवं तेवढं भांडला असतात आणि सकाळी उजेडात निघाला असतात. यापुढे शेवटचा खेळ बघायचा तर मुक्कामाची सोय करूनच निघ, आणि हेल्मेट दोघांनाही हवं, मागच्यालाही.

दुसरं आईचं. तू वीस वर्षांचा आहेस, दर वेळी परवानगी माग असं मी म्हणणार नाही. पण निघताना सांगायला अर्धं मिनिट लागतं: कुठे, कोणाबरोबर, कधी परत. तू ते सांगितलं नाहीस म्हणून ती रात्रभर फोन घेऊन ओट्यावर बसली होती. नुसतं ‘काही होत नाही गं’ म्हणून तिची समजूत काढू नकोस.

तिच्याशी मी बोलेन, पण आधी तूच बस तिच्याजवळ आणि तिला चित्रपटाची गोष्ट सांग. ती गेली कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालते. फॅट कमी लावली म्हणून काट्यावर भांडलेली बाई आहे ती. डॉक्टर राव गावकऱ्यांच्या दुधाची फॅट तपासून त्यावर भाव देतो, तो प्रसंग तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल. चित्रपट पुन्हा कुठे लागला तर या वेळी तिलाही घेऊन जा. दिवसाचा खेळ बघा, आणि एसटीने जा.

तुझी,
आत्या